एक बादली जास्त

त्या दिवशी मी घरातून निघालो तो फक्त एक व्हॉल्व्ह उघडायला. अर्ध्या तासाचं काम होतं. बायको म्हणाली, "येताना पुदिना आण, आणि हरीऱ्याचं सूप गार व्हायच्या आत ये." मी म्हटलं, "रोजा सुटायच्या तासभर आधीच येतो की!" इतकं साधं निघणं होतं बघा. तो दिवा जरा अलीकडे सरकवा, म्हणजे मला तुमचं तोंड दिसेल. ऐकणाऱ्याचं तोंड दिसलं की सांगणाऱ्याला हुरूप येतो.

आमच्या घराण्याचं काम पाण्याचं. मोरोक्कोतल्या या आमच्या फेज शहरात बोळांखालून नदीचं पाणी मातीच्या नळांतून घराघरांत, मशिदींत, हमामांत फिरायचं. कुठला नळ कुठं वळतो, कुठं दुसऱ्याला मिळतो, हे माझ्या आज्याला आणि बापाला तोंडपाठ. कागदावर एक रेघ नाही. त्यातलं निम्मं मला आलं, उरलेलं निम्मं बाप बरोबर घेऊन गेला. पण बापाची एक गोष्ट मला तोवर कधी उमगली नव्हती. दर्ब तूता या बोळातून तो कधी जायचा नाही. घरी यायची तीच जवळची वाट, तरी हा माणूस डोक्यावर ऊन घेऊन टेकडीला वळसा घालायचा. विचारलं तर म्हणायचा, "तिथल्या पायऱ्या गुडघ्याला लागतात." वळशाच्या वाटेवर पायऱ्या दुप्पट होत्या.

आणि नेमकं त्याच बोळातलं काम माझ्या वाट्याला आलं. जुन्या शहरातल्या बंद पडलेल्या पाणपोया पुन्हा सुरू करायचं ठरलं होतं. दर्ब तूतामधली एकतीस वर्षं कोरडी होती; वरच्या हुकुमानं ती माझ्या बापानंच बंद केली होती. भिंतीत कमान, कमानीत रंगीत फरशांची नक्षी, वर देवदाराचं कोरीव छप्पर, खाली संगमरवरी कुंडी. असं सगळं यादीत लिहिलेलं. प्रत्यक्षात त्या कुंडीतून आम्ही काय उपसलं म्हणता? अकरा बूट, त्यात एकही जोडी नाही. शिवणयंत्राचं एक चाक. आणि चार पिल्लं घातलेली एक मांजरी, जिनं तिहामीच्या हातावर सहा ओरखडे काढले आणि मग स्वतःच्या मर्जीनं, पिल्लं एकेक करून उचलत, शेजारच्या गच्चीवर बिऱ्हाड हलवलं.

तिहामी म्हणजे फरशांचा मअल्लम, उस्ताद. पोट कुंडीएवढं, पण हातात हातोडी आली की नखाएवढा तारा फरशीतून असा कापून काढायचा की बघत राहावं. तोंड मात्र हातापेक्षा जास्त चालायचं. त्याला तोडीस तोड होती समोरच्या घरातली लल्ला बतूल; लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, सहा वर्षांत खाली उतरलेली नाही. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची, भाजी वर ओढायची आणि दिवसभर आमच्या कामावर देखरेख करायची.

"तिहामी, ती निळी फरशी वाकडी बसलीय रे!"

"लल्ला, फरशी सरळ आहे. तुमची मान वाकडी आहे!"

"माझी मान वाकडी झाली तुझं काम बघून बघून. तीन महिने झाले. या काळात लोक मशीद बांधतात!"

बतूलच्याच घरात तळाच्या खोलीत यामना राहायची. विधवा बाई. तव्यावरच्या घड्यांच्या पोळ्या करून बाजारात विकायची. खोलीत नळ नाही, म्हणून खालच्या चौकातून दोन हातांत दोन कॅन घेऊन एक्क्याण्णव पायऱ्या चढायची, दिवसातून चार वेळा. पायऱ्यांचा आकडा तिनंच मला सांगितला, आणि सांगताना बोटांवरचे वळ दाखवले. आमच्या कामाकडे ती ज्या नजरेनं बघायची ना, तिच्यामुळे मला रात्री नीट झोप लागायची नाही.

फरशा बसल्या, छपराला तेल लागलं. नगरपालिकेच्या लाइनीतून मी नवी नळी आणली, मीटर बसवला, व्हॉल्व्ह बसवला. दाब तपासला, उत्तम. मग तोटी उघडली.

काही नाही. थेंब नाही.

नळी मोकळी होती, मी तार घालून बघितली. व्हॉल्व्हपर्यंत पाणी जोरात येत होतं. तिथून तोटीपर्यंत अंतर दोन हात. त्या दोन हातांत पाणी जायचं कुठं?

आणि त्याच दिवशी पहिल्यांदा ती बादली दिसली. तांब्याची, जुनी, एका बाजूला पोचा आलेली. कुंडीसमोर, तोटीच्या बरोबर खाली, जणू कुणी नंबर लावून ठेवलेली. आम्हाला वाटलं, कुणा शेजारणीची असेल. तिहामीनं उचलून भिंतीकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोटीखाली. बोळातल्या अकराही घरांत विचारलं. कुणाचीच नाही.

"जिन्न असेल," मी आपलं गमतीनं म्हटलं.

तिहामीनं गंभीरपणे मान हलवली. "रमजानात जिन्न बेडीत असतात. बाहेर पडूच शकत नाहीत."

"मग झालं तर. घाबरायचं कारण नाही."

"तेच तर म्हणतोय, बूश्ता," तो आवाज खाली आणून म्हणाला. "जिन्न असता तर बरं झालं असतं…"

मी हसलो. वर बघितलं तर लल्ला बतूल खिडकीत होती. त्या बादलीकडे एकटक बघत होती, आणि फरशीबद्दल एक शब्द बोलत नव्हती. मग तिनं खिडकी लावून घेतली. तीन महिन्यांत भरदुपारी ती खिडकी बंद झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

इकडे कामावरच्या साहेबांनी निरोप दिला, सत्ताविसाव्या रोज्यापर्यंत पाणी आलं नाही तर पाण्याचा नाद सोडा. पाणपोई नुसती शोभेची ठेवू, पुढं काच लावू.

यामनानं ऐकलं आणि कंबरेवर हात ठेवले. "काच? म्हणजे मी आता काचेला तोंड लावून तहान भागवू? बूश्ताभाऊ, सांगा त्यांना, माझे दोन हात कापून तेही काचेत ठेवा. खाली लिहा, या हातांनी पाणी वाहिलं!"

सगळा बोळ हसला. मी पण हसलो, पण वरवरचं. बापानं बंद केलेली पाणपोई मुलाला सुरू करता येईना, हे गावभर होणार होतं.

सव्विसाव्या रोज्याला मी शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. तोच हा दिवस, अर्ध्या तासाचं काम. व्हॉल्व्ह बदलला होता, फक्त उघडायचा होता. बोळातल्या बायकांनी दुपारपासूनच रांग लावली होती. प्लॅस्टिकच्या बादल्या, तेलाचे डबे, एक तर चक्क बाळाचा टब. पहिला नंबर लल्ला बतूलचा. वयानं मोठी म्हणून सगळ्यांनी मान दिला होता आणि तिनं दोरीनं आपली पितळी बादली खाली सोडली होती. तिच्यामागे यामनाचे कॅन. आणि त्या तांब्याच्या बादलीला यामनानं पायानं सरकवत सरकवत रांगेच्या पार शेवटाला नेऊन ठेवलं होतं.

व्हॉल्व्ह उघडला. कोरडा. पुन्हा उघडला. कोरडा. मी घामाघूम. अस्रची, तिसऱ्या प्रहराची नमाज उलटली, ऊन भिंतीवरून वर वर सरकत गेलं. बायका हळूहळू घरी गेल्या. रोजा सोडायची तयारी करायची होती. बादल्या रांगेत तशाच ठेवून गेल्या. तिहामी म्हणाला, "चल माझ्याकडे, हरीरा पी, उद्या बघू." मी म्हटलं, तू हो पुढं. खिशात तीन खजूर होते. मला त्या दोन हातांच्या नळीशी एकट्यानं बोलायचं होतं.

रमजानात रोजा सुटायची वेळ तुम्ही कधी बोळात उभं राहून पाहिलीय का? बघू नका. दिवसभर जिथं गाढवं, हातगाड्या, माणसं यांनी पाऊल ठेवायला जागा नसते, तिथं एका क्षणात चिटपाखरू राहत नाही. भोंगा झाला, अजान झाली, आणि सगळं शहर दारांमागे गेलं. उजेड होता अजून, राखाडी, निवलेला. दारांआडून फक्त चमच्यांचे आवाज. किणकिण… किणकिण… शेकडो घरांतून. कोथिंबीर, टोमॅटो, तळण आणि मध यांचा वास. मी पायरीवर बसून पहिला खजूर तोंडात टाकला.

तेवढ्यात कडी वाजली. बादलीची कडी.

मी मान वळवली. रांगेच्या शेवटी तांब्याची बादली नव्हती. ती तोटीखाली होती. बतूलची पितळी बादली एक हात मागे सरकली होती.

मग वरच्या पायऱ्यांवरून चपला वाजल्या. फट्… फट्… फट्… सावकाश, थकलेल्या बाईच्या. एकेक पायरी उतरत आवाज खाली आला आणि माझ्या शेजारी येऊन थांबला. कुणी नव्हतं. पण काळ्या साबणाचा आणि ओल्या लोकरीचा वास असा दाट आला की कुणीतरी नुकतंच पिळलेलं घोंगडं माझ्या नाकाशी धरलंय. आणि दम लागलेला श्वास… अगदी कानाशी. तुम्ही विचाराल, पळालो का नाही? मलाही ठाऊक नाही. मी फक्त इतकंच केलं, पायरीवर थोडा बाजूला सरकलो, कुणी बाई जवळ येऊन उभी राहिली की आपण सरकतो ना, तसा.

बादलीवर कुणीतरी बोटातल्या अंगठीनं टकटक केलं. तीनदा. रांगेत कंटाळलेली बाई करते तशी.

मी व्हॉल्व्हकडे हात नेला. फिरवला. नळीच्या घशात गुळगुळ झालं, आणि तोटीच्या तोंडाशी एक थेंब आला. थरथरत लोंबला. पडणार, पडणार… आणि कुणी आत ओढून घ्यावा तसा परत गेला.

वर खिडकी करकरली.

"बूश्ता…" लल्ला बतूलचा आवाज, पण तो नेहमीचा नव्हता. "ती आलीय का रे?"

"कोण, लल्ला?"

"नाव नको घेऊ. बादली कुठं आहे ते सांग."

"पहिली."

"आणि माझी?"

"मागे सरकलीय… आपोआप."

मग आतून जिन्यावर धडपड ऐकू आली. सहा वर्षं खाली न उतरलेली ती म्हातारी भिंतीला धरून, बसत, उठत, शिव्या घालत खाली येत होती. दारात आली तेव्हा अंगात घरातला झगा, पायात दोन वेगळ्या चपला. मी धरायला धावलो तर माझा हात झटकून सरळ कुंडीसमोर जाऊन उभी राहिली.

"खद्दूज," ती म्हणाली. "मेल्यावरसुद्धा रांगेत भांडतेस. सवय गेली नाही तुझी."

अंगठीची टकटक थांबली.

बतूल माझ्याकडे न बघता मला सांगू लागली. खद्दूज वरच्या सातव्या पायरीवरच्या घरात राहायची. लोकांची घोंगडी, गालिचे धुऊन पोट भरायची. आग्यावेताळ बाई, पण नंबर कधी खोटा लावला नाही, कुणाला लावू दिला नाही. पाणपोई बंद करायचा हुकूम आला तेव्हा माझा बाप इथंच उभा होता, हातात चुन्यानं माखलेलं बूच घेऊन. त्यानं हाक दिली, आता शेवटची एक बादली, मग बंद. पहिली बादली खद्दूजची होती. ती भट्टीवर पाव आणायला गेली होती, बादली नंबरला ठेवून.

"मी ती सरकवली," बतूल म्हणाली. "माझी पुढं घेतली. तुझ्या बापानं पाहिलं. मी डोळे वटारले, तो गप्प बसला. माझी भरली आणि त्यानं बूच मारलं. खद्दूज पाव घेऊन आली तर हे असं. मी म्हटलं, तुझी मागेच होती. सगळ्यांसमोर म्हटलं. ती खोटारडी ठरली, मी नाही. घोंगडं धुवायचं कबूल केलेलं होतं तिनं; भर थंडीत खालच्या चौकात गेली पाण्याला, भिजून आली, आठ दिवसांत गेली… आणि मी हे आजवर कुणाला बोलले नाही."

आता मला बापाचा वळसा कळला. मी म्हटलं, "खद्दूजबाई, माझा बाप घाबरट होता. वाईट नव्हता. त्याला माफ करा."

बतूलनं वाकून आपली पितळी बादली उचलली. वाकताना "आई गं" म्हणाली. रांगेच्या कडेकडेनं चालत ती पार शेवटाला गेली, बाळाच्या टबाच्याही मागे, आणि तिथं ती ठेवली. मग मोठ्यानं, साऱ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पहिला नंबर खद्दूजचा होता. मी खोटं बोलले. भर बाई, तुझंच पाणी आहे."

पाणी आलं.

मी व्हॉल्व्हला हात लावला नव्हता. तोटीतून जाड, गार, चमकणारी धार पडली. तांब्यावर पडताना तिचा आवाज आधी ठणठण, मग भरता भरता घुमणारा, मग गच्च. बादली काठोकाठ भरली. धार थांबली. आणि पडून असलेली कडी सावकाश उभी राहिली.

बतूलनं माझं मनगट घट्ट धरलं. "बघू नकोस. बाई ओझं घेऊन चाललीय. तोंड फिरव, वाट दे."

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागून चपला गेल्या. फट्… फट्… आता जड, पाण्याची डचमळ घेऊन. माझ्या पोटरीवर दोन थेंब उडाले. बर्फासारखे. आवाज वर गेला, आणखी वर, आणि विझला.

वळून पाहिलं तर तांब्याची बादली नव्हती. पायऱ्यांवर पाण्याचे ठिपके होते, सातव्या पायरीपर्यंत. तिथं आता घर नाही. ते पडलं, त्या जागी नुसती उभी भिंत आहे. ठिपके भिंतीपाशी जाऊन संपले होते.

"झालं," लल्ला बतूल म्हणाली. डोळे पुसले, नाक पुसलं आणि पुन्हा आपल्या मूळ आवाजावर आली. "यामना! ए यामना! खाणं पुरे, पाणी आलंय!"

मी व्हॉल्व्ह फिरवला आणि धार सुरू झाली ती झालीच. दारं फटाफट उघडली. तिहामी हातात चमचा आणि दाढीत हरीरा घेऊन धावत आला. यामना आधी धारेखाली दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली, मग तिनं ओंजळभर पाणी तिहामीच्या पोटावर मारलं. कुणी मधात घोळलेली शबाकिया मिठाई आणली, कुणी दूध. बतूलला खुर्ची आणून कुंडीशेजारी बसवलं. तिनं तिथल्या तिथं शेजारणींना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग यामना म्हणाली, "लल्ला, आता शेवटून पहिल्या आहात. गुपचूप बसा." आणि म्हातारी इतकी हसली की तिला उचकी लागली. पुदिना मी विसरलोच. बायको अजून बोलून दाखवते.

आता बोळ मजेत आहे. पोळ्यांचा धंदा वाढला, रांगेत रोज भांडणं होतात, आणि बतूल रोज सकाळी खाली उतरून ती भांडणं सोडवते, म्हणजे वाढवते.

दोन महिन्यांनी मी मीटर वाचायला गेलो. आकडा शून्य. वाटलं, मीटर बिघडला. दुसरा बसवला. महिन्यानं पुन्हा शून्य. तोच मीटर दुसऱ्या बोळात लावला तर व्यवस्थित पळतो.

मग उन्हाळ्यात मोठी लाइन फुटली. सगळ्या भागाचं पाणी दोन दिवस बंद. लोक मला शोधत आले, "बूश्ता, तुझ्या पाणपोईला बघ." भर सकाळी गेलो. दहा-बारा बायकांची रांग, आणि तोटी वाहतेय, गार, जाड धार. मी पाणपोईच्या मागच्या बाजूला गेलो, लोखंडी झाकण उघडलं. व्हॉल्व्ह बंद केला. धार चालू. मग पाना लावून नगरपालिकेची नळीच सोडवली आणि बाहेर काढली. आत कोरडी ठणठणीत. तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलेलं, बरंच जुनं.

पुढं यामनाचा कॅन भरत होता. मला आवाज ऐकू येत होता.

मी नळी होती तशी परत बसवली. पाना घट्ट आवळला, झाकण लावलं. पुढच्या बाजूला आलो तर बायकांनी विचारलं, "काय रे, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "नगरपालिकेचंच पाणी आहे."